आठ विजेतेपदांचा धडा



कोकणातील शाळेला पावसाळा लागला म्हणजे मैदान मुलांना पारखे होते. अंगणातील जांभा शेवाळाने निसरडा होतो, आणि खेळाचा तास बहुधा गणिताच्या पदरात पडतो. अशा दिवसांत छपराखाली खेळता येणाऱ्या टेबल टेनिस या खेळाचा, व त्यात आठ वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळविणाऱ्या श्री. कमलेश मेहता या मुंबईकर खेळाडूच्या कारकिर्दीचा विचार शिक्षकांना उपयुक्त ठरावा.

मुंबई नगरीला या खेळाची जुनी परंपरा आहे. १९५२ साली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा मुंबईत भरली. आशिया खंडात ती प्रथमच भरत होती. जपानच्या हिरोजी सातो यांनी जाड स्पंज लावलेली बॅट तेथे आणली. त्या बॅटीवर चेंडूचा आवाज जवळजवळ होत नसे. आवाजावरून फटक्याचा अंदाज बांधणारे नामांकित खेळाडू गोंधळून गेले, आणि सातो जगज्जेते झाले. त्याच वर्षी सिंगापूर येथील आशियाई स्पर्धेत मुंबईच्या गूल नासिकवाला या महिला खेळाडूने तीन सुवर्णपदके जिंकली. अशा या नगरीत १९६० साली श्री. मेहता यांचा जन्म झाला.

राष्ट्रीय विजेतेपद एकदा मिळविणे ही मोठी गोष्ट खरीच. परंतु ते आठ वेळा मिळविणे ही निराळ्याच गुणाची साक्ष होय. पहिल्या विजयानंतर खेळाडूचे डावपेच सर्वांना ठाऊक होतात, आणि नव्या दमाचे प्रतिस्पर्धी त्यालाच हरविण्याच्या तयारीने येतात. त्या काळी एक डाव २१ गुणांचा असे व पाच-पाच वेळा सर्व्हिस करावी लागे; २००१ सालापासून डाव ११ गुणांचा झाला. नऊ फूट लांब व पाच फूट रुंद टेबलावर, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच चेंडू परत येतो. तेथे शरीराच्या बळापेक्षा नजर, मनगट, पावलांची चपळाई आणि शांत चित्त यांची कसोटी लागते. हे गुण रोजच्या सरावानेच अंगी बाणतात. १९८५ साली त्यांना अर्जुन पुरस्कार देऊन शासनाने या तपश्चर्येचा गौरव केला.

१९८८ साली सोल येथे ऑलिंपिकमध्ये या खेळाचा प्रथमच समावेश झाला. तेथे, आणि पुन्हा १९९२ साली बार्सिलोना येथे, श्री. मेहता भारताकडून खेळले. पदक मात्र त्यांना मिळाले नाही. केवळ पदके मोजणारा मनुष्य येथे अपयशाची नोंद करील. आपल्या शाळांतही असेच घडते. पहिल्या क्रमांकाच्या मुलाचे नाव फलकावर लागते. पण वर्षभर एकही दिवस न चुकविता, मागे पडूनही पुन्हा पाटी घेऊन बसणाऱ्या मुलाची नोंद कोठेच होत नाही. आठ विजेतेपदांचा त्यांचा विक्रम २०१९ सालापर्यंत अबाधित राहिला. त्या वर्षी शरत कमल यांनी नववे विजेतेपद मिळवून तो मागे टाकला. स्वतःचे खेळणे संपल्यावरही श्री. मेहता खेळापासून दूर झाले नाहीत; डिसेंबर २०२२ मध्ये भारतीय टेबल टेनिस महासंघाचे सरचिटणीसपद त्यांनी स्वीकारले.

मुंबईच्या मुलाला टेबल मिळू शकते. रत्नागिरी जिल्ह्यातील वाडीवरच्या मुलाला ते सहजी मिळत नाही. हा भेद मोठा आहे व तो एका व्याख्यानाने मिटणारा नाही. तथापि आरंभ करण्यास टेबलाची वाट पाहावयास नको. फळीच्या तुकड्याची बॅट करून तीवर चेंडू न पाडता पन्नास वेळा उडविणे, भिंतीवर मारून परतलेला चेंडू झेलणे, दोन बाके जोडून मध्ये दोरी बांधून खेळणे, एवढे व्हरांड्यातही होऊ शकते. मुलींना या खेळात मुलांइतकाच वेळ अवश्य द्यावा; घरकामामुळे सायंकाळी मैदानावर येऊ न शकणाऱ्या मुलीला शाळेतील हाच तास काय तो मिळतो. अभ्यासात मागे असलेल्या मुलाला शिक्षा म्हणून खेळातून उठवू नये. कदाचित तेथेच त्याला आपण काही करू शकतो असा प्रथम विश्वास वाटेल.

यातून राष्ट्रीय विजेता निपजेलच असे नाही. परंतु हरलेला डाव विसरून पुढच्या चेंडूकडे लक्ष देण्याची सवय ज्या मुलाला लागली, त्याला ती परीक्षेत, शेतावर आणि संसारात उपयोगी पडेल. येत्या पावसाळ्यात खेळाचा तास वेळापत्रकात लिहिला आहे त्याप्रमाणे खेळालाच मिळावा, एवढी प्रत्येक शाळेकडून अपेक्षा आहे.