राजधानीतील दोन दिवस

(वार्षिक स्नेहसंमेलनातील विद्यार्थी-सत्कार समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या समारंभात विद्यार्थ्यांस चार शब्द सांगावेत अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. आम्ही मॅट्रिक होऊन शिक्षकी पेशात शिरलेले व त्याच पेशातून निवृत्त झालेले साधे शिक्षक आहोत. विलायत आम्ही पाहिलेली नाही. तेव्हा परदेशाविषयी बोलण्याचा तुमचा अधिकार तो काय, असे कोणी विचारल्यास आमचे उत्तर एवढेच की, भिंतीवरच्या नकाशावर छडी ठेवून आम्ही ज्या मुलांस लंडन दाखविले, त्यांपैकी काही आज खरोखरीच तेथे जाऊन पोहोचली आहेत आणि तेथून आम्हांस आठवणीने लिहीत असतात.

आजच हा विषय घेण्यास कारणही तसेच आहे. सायंकाळच्या सर्वसाधारण सभेपुढे शिक्षण-कर्जनिधीच्या नियमांत एक नवे कलम घालण्याची सूचना आहे. निधीतून कर्ज घेऊन परदेशी गेलेल्या विद्यार्थ्याने शिक्षण पुरे होईपर्यंत सहलींवर खर्च करू नये, केल्यास पुढील हप्ता रोखावा, असा तिचा आशय आहे. या सूचनेचे मूळ आपणां सर्वांस ठाऊक आहे. आपल्या निधीच्या साहाय्याने मँचेस्टर येथे संगणकशास्त्र शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याचे छायाचित्र गतवर्षी घरोघरच्या भ्रमणध्वनींवर फिरले. त्यात तो टेम्स नदीच्या पुलावर तीन मित्रांसमवेत हसत उभा आहे. ‘आम्ही पोटास चिमटा घेऊन वर्गणी द्यावी आणि यांनी लंडनची हवा खावी काय?’ असा प्रश्न तेव्हा विचारला गेला. ज्यांनी तो विचारला त्यांस आम्ही दोष देत नाही. निधीतील रुपया न रुपया कष्टाचा आहे. परंतु प्रश्न विचारला म्हणजे उत्तरही शांतपणे ऐकून घेतले पाहिजे. त्या मुलाने सहलीनंतर वडिलांस जो विस्तृत मजकूर लिहून पाठविला, तो वडिलांनी आम्हांस वाचावयास दिला. त्यांच्या अनुमतीने त्यातील सार आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम खर्चाची बाजू पाहू. हे चौघे शुक्रवारी रात्रीच्या बसने निघाले. त्यामुळे एका रात्रीच्या मुक्कामाचे भाडे वाचले. शनिवारची रात्र त्यांनी तरुण प्रवाशांसाठी असलेल्या वसतिगृहात काढली. शिदोरीस घरून नेलेल्या शेंगदाण्याच्या चटणीबरोबर पोळ्या होत्या. त्या देशात परदेशी विद्यार्थ्यास सत्र चालू असताना आठवड्यास २० तासांपर्यंतच काम करण्याची मुभा असते. त्या कामाच्या मिळकतीतून त्याने हा प्रवास केला, निधीच्या पैशास हात लावला नाही. शिवाय लंडनमधील बहुतेक मोठ्या राष्ट्रीय संग्रहालयांत प्रवेशास पैसे पडत नाहीत, हेही आपण ध्यानी घ्यावे.

आता त्याने काय पाहिले ते सांगतो. शनिवारी सकाळी पार्लमेंट-भवनावरून चालत चालत ही मंडळी बकिंगहॅम राजवाड्यासमोर आली. तेथे व्हिक्टोरिया राणीचे भव्य संगमरवरी स्मारक आहे. बरोबरचे मित्र छायाचित्रे घेऊ लागले. आपला विद्यार्थी लिहितो की, त्यास त्या ठिकाणी आपल्या नागपूरची एम्प्रेस मिल आठवली. त्याचे पणजोबा तेथे साचेवाले होते. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीस दरबार भरवून या राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले. त्याच दिवशी जमशेटजी टाटांनी नागपुरात कापडाची गिरणी सुरू केली. तिला ‘एम्प्रेस’ हे नाव पडले ते यावरूनच. आपल्यांतील किती घरांनी अंगणातील खड्डा-माग बुजवून त्या गिरणीच्या भोंग्यावर आयुष्याचे घड्याळ लावले, हे येथील वृद्धांस सांगावयास नको. पुढे ती गिरणी बंद पडली आणि त्या जागेवर आता विक्रीसंकुल उभे आहे. परंतु त्या नावाचा उगम जिच्यापासून झाला तिच्या पुतळ्यासमोर साचेवाल्याचा पणतू विद्यार्थी म्हणून उभा राहिला, ही गोष्ट आम्हांस लहान वाटत नाही.

तेथून ते साउथ केन्सिंग्टन भागात गेले. तेथे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट हे कलावस्तूंचे विख्यात संग्रहालय आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १८०१ साली लंडनमध्ये स्वतःचे एक संग्रहालय काढले होते. त्यातील हिंदी वस्तूंचा मोठा भाग १८७९ साली येथे आला. त्या वस्तूंत वस्त्रेही आली. आपण विणकर आहोत, म्हणून या वस्त्रांची एक हकीकत आपणांस कळली पाहिजे. इंडिया ऑफिसच्या सेवेत जॉन फोर्ब्स वॉटसन नावाचे गृहस्थ होते. त्यांनी हिंदुस्थानातील कापडाचे ७०० नमुने कापून १८ खंडांत चिकटविले आणि १८६६ साली अशा खंडांचे २० संच सिद्ध केले. त्यांपैकी १३ संच ब्रिटनमधील व्यापारी व गिरण्यांच्या शहरी ठेवण्यात आले, तर हिंदुस्थानास ७ मिळाले. येथील लोक काय नेसतात, काठ केवढा ठेवतात, पागोट्यास लांबी किती लागते, हे तेथील कारखानदारांस कळावे आणि तसा माल त्यांना तयार करून येथे विकता यावा, हा त्यामागील मुख्य हेतू होता.

बंधूंनो, ज्या काठाचे गणित बापाने मुलास मागावर बसवून शिकविले, ते अशा रीतीने पुठ्ठ्यावर चिकटवून परक्या बाजारात पोहोचले. त्यांतील एक संच मँचेस्टरहून जवळच असलेल्या प्रेस्टनच्या संग्रहालयात आहे. ही माहिती त्या मुलास लंडनच्या भेटीत मिळाली. ‘ज्या गावी मी शिकतो, त्या गावच्या कापडाने आपले माग थांबविले हे मला येथे येईपर्यंत नीटसे ठाऊक नव्हते,’ असे त्याने वडिलांस लिहिले आहे. मँचेस्टरच्या वर्गात जे त्यास कोणी सांगितले नसते, ते त्यास एका शनिवारी कळले.

त्याच रस्त्यावर समोर विज्ञानाचे संग्रहालय आहे. मुलगा लिहितो की, तेथे एका यंत्रापुढे तो फार वेळ थांबला आणि मित्रांनी त्यास ओढून बाहेर काढले. ते यंत्र म्हणजे चार्ल्स बॅबेज या गणितज्ञाने आखलेले गणकयंत्र. बॅबेजच्या हयातीत ते पुरे झाले नाही. त्याच्या जन्मास २०० वर्षे झाली तेव्हा, १९९१ साली, त्याच्याच आराखड्यावरून त्या संग्रहालयाने त्याचा गणना करणारा भाग तयार केला. बॅबेजने याहूनही मोठे एक यंत्र योजिले होते. त्यास काय करावयाचे ते छिद्रे पाडलेल्या पत्त्यांच्या द्वारे सांगावे, अशी त्याची कल्पना होती. ही कल्पना त्याने उचलली ती विणकराच्या मागावरून! फ्रान्समधील जकार्ड याने १८०४ च्या सुमारास नक्षी विणण्याचा जो माग सिद्ध केला, त्यात ताण्याचा कोणता धागा उचलावा व कोणता खाली ठेवावा हे छिद्रांचे पत्तेच ठरवीत असत. आपल्या वस्तीत ज्यांनी जकार्डवर काम केले आहे, त्यांच्या डोळ्यांपुढे ती पत्त्यांची माळ आताही उभी राहिली असेल. छिद्र आहे की नाही, धागा वर की खाली, होय की नाही, याच दोन शब्दांवर आजचा संगणकही चालतो.

आपल्या मुलाने बापजाद्यांचा धंदा सोडून संगणकाची कास धरली, याची खंत त्याच्या आजोबांस वाटत होती. त्याने त्या यंत्राचे छायाचित्र त्यांस पाठविले आणि खाली एकच ओळ लिहिली: ‘आजोबा, मी धंदा सोडलेला नाही.’ हे छायाचित्र मात्र घरोघर फिरले नाही!

रविवारी सकाळी ही मंडळी ग्रिनिचच्या टेकडीवर गेली. तेथील वेधशाळा १६७५ साली स्थापन झाली. १८८४ साली वॉशिंग्टन येथील परिषदेत तेथून जाणारी रेखा शून्य रेखांश म्हणून मान्य झाली. वेधशाळेच्या आत जाण्यास शुल्क आहे. तथापि बाहेरील भिंतीवरही ती रेखा दाखविलेली आहे, तीच पाहून आमच्या काटकसरी मंडळींनी समाधान मानले. या ठिकाणी भूगोलाच्या शिक्षकास राहवत नाही, म्हणून आम्ही थोडे गणित मांडतो. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशास ४ मिनिटे लागतात. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरची, म्हणून ती ग्रिनिचपुढे साडेपाच तास. परंतु आपले नागपूर सुमारे ७९ अंशांवर आहे. साडेतीन अंशांचा फरक चारने गुणा, १४ मिनिटे येतात. सबब, घड्याळात बारा वाजल्यावर सरासरीने १४ मिनिटांनी नागपूरचा सूर्य माथ्यावर येतो. विधानभवनाजवळील झीरो माइलचा दगडी स्तंभ व त्याचे चार घोडे आपण रोज पाहतो. १९०७ साली देशाच्या मोजणीच्या कामी उभारलेली ती खूण आहे. त्याच्या शेजारून जाताना किती जणांनी हे गणित केले? ग्रिनिचला उभे राहून त्या मुलाने ते केले व आम्हांस पाठविले. उत्तर बरोबर होते.

दुपारी तो एकटाच किंग हेन्रीज रोडवर गेला. तेथील १० क्रमांकाच्या घरात भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ साली विद्यार्थी म्हणून राहत होते. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते घर विकत घेऊन त्याचे स्मारक केले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली बाबासाहेबांस लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले होते. मुंबईस प्राध्यापकी करून शिल्लक टाकलेली रक्कम, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि एका मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर ते १९२० साली पुन्हा गेले. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात दिवसाचे दिवस बसले, १९२३ साली परतले आणि त्याच साली त्यांस अर्थशास्त्रातील डॉक्टरेट मिळाली. त्याच महापुरुषाने १९५६ साली ऑक्टोबरमध्ये आपल्या या नागपुरात धम्मदीक्षेचा इतिहास घडविला.

कोणी म्हणेल, पाहा, बाबासाहेबांनी सहली केल्या नाहीत, अभ्यास केला! हे म्हणणे खरे आहे आणि विद्यार्थ्यांनी ते विसरू नये. सोमवार ते शुक्रवार अभ्यासाचे. त्यात कुचराई करणाऱ्या मुलाची तरफदारी आम्ही करणार नाही. परंतु त्या घराच्या दारापर्यंत जो गेला, त्यास कर्जाने घेतलेल्या विद्येची किंमत कोणी पटवून द्यावी लागत नाही. मजकुराच्या शेवटी त्याने लिहिले आहे की, परतीच्या बसमध्ये मित्र झोपले आणि आपण मात्र पुस्तक उघडले.

विद्यार्थ्यांस आमचे सांगणे थोडके आहे. परक्या राजधानीत जाल तेव्हा आधी चार पाने वाचून जा. जे पाहाल त्यास एक प्रश्न विचारा: ‘माझ्या घराचा आणि तुझा काय संबंध?’ पाटीवर लिहिलेले नीट वाचा आणि लिहिले नसेल ते गृहीत धरू नका. याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून २०२४ साली वाघनखे मुदतीवर महाराष्ट्रात आली. पुढे ती आपल्या अजब बंगल्यातही दर्शनास ठेवली गेली आणि आपण रांगा लावल्या. ती शिवछत्रपतींचीच होत असे आपण सिद्ध करू शकत नाही, असे ते संग्रहालय स्वतःच सांगते. श्रद्धा बाळगावी, पण पुराव्याची भाषाही समजून घ्यावी. हा विवेक संग्रहालयात शिकावयास मिळतो. आणि ज्यांस विलायतेस जाणे घडणार नाही, त्यांनी हळहळू नये. १८६३ सालचा अजब बंगला आपल्या दारी आहे. येत्या रविवारी मुलांचे बोट धरून तेथे जावे.

माता-पित्यांस विनंती की, मुलाप्रमाणे मुलीसही हे दोन दिवस द्यावेत. शिकावयास सात समुद्रांपलीकडे पाठवावयाचे आणि मैत्रिणींबरोबर शहर पाहावयास मना करावयाचे, यात संगती नाही.

आणि सभेस नम्र सूचना ही की, ते कलम मागे घ्यावे. त्याच्या जागी दुसरे घालावे: निधीतून कर्ज घेऊन बाहेरगावी वा परदेशी गेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षातून एकदा, आपण काय पाहिले व त्यातून काय उमजले, याचे चार पानांचे निवेदन मंडळाच्या वाचनालयास पाठवावे. पैशाचा हिशेब निधीने अवश्य मागावा. त्याबरोबर डोळ्यांनी काय मिळविले त्याचाही मागावा. अशी दहा निवेदने जमली म्हणजे ज्या घरातून अद्याप कोणी गावाची वेस ओलांडलेली नाही, त्या घरातील मुलास ती उपयोगी पडतील. केवळ ताण्याने कापड होत नाही, आडवा धागाही लागतो, हे विणकरांच्या सभेत आम्ही अधिक काय सांगावे?