गाळून उरते त्याचे काय?



आरे कॉलनीच्या या हिरव्या परिसरात पाण्याविषयी बोलताना मिठी नदीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. विहार व पवई तलावांच्या सांडव्यातून निघालेली ही नदी आरेजवळून वाहत, मरोळ, साकीनाका, कुर्ला ओलांडून माहीमच्या खाडीस मिळते. वाटेत तबेल्यांचे शेण, वस्त्यांचा मैला आणि कारखान्यांतील तेल व रसायने तिच्यात मिसळतात.

अशा सांडपाण्यातून पुन्हा वापरण्याजोगे पाणी काढता येते. त्या पद्धतीस ‘रिव्हर्स ऑस्मोसिस’ म्हणतात. आपल्या स्वयंपाकघरातील ‘आरओ’ यंत्र त्याच तत्त्वावर चालते. विशिष्ट पडद्यातून पाणी कमी क्षारांच्या बाजूकडून अधिक क्षारांच्या बाजूस जाते, हा निसर्गनियम. अधिक क्षारांच्या बाजूवर मोठा दाब दिला, की हा प्रवाह उलटतो; पाणी पलीकडे जाते आणि विरघळलेले बहुतेक क्षार मागे राहतात. मात्र तेल, गाळ व सेंद्रिय घाण आधीच काढावी लागते, अन्यथा पडदा तुंबतो.

चेंबूरच्या राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सने 2000 साली असा प्रकल्प सुरू केला. सांडपाणी कारखान्याचे नव्हे, शहराचे होते. रोज सुमारे 2 कोटी 27 लाख लिटर सांडपाण्यातून कारखान्यासाठी दीड कोटी लिटर पाणी मिळविण्याची त्याची क्षमता होती. तेवढा भार शहराच्या पाणीपुरवठ्यावरून उतरला.

परंतु खरा प्रश्न पुढेच आहे. पडदा मळ नष्ट करीत नाही, केवळ वेगळा करतो. 100 लिटरमधून 75 लिटर शुद्ध पाणी काढले, तर उरलेल्या 25 लिटरमध्ये क्षारांचे प्रमाण जवळजवळ चौपट होते. ते रात्रीच्या अंधारात नाल्यात सोडले, तर शुद्धीकरण कसले? ते आटवून उरलेले क्षार घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडे पाठवावे लागतात. त्यास इंधन लागते, खर्च येतो. आणि मोह होतो तो इथेच.

आपल्या माता-भगिनी पाणी गाळून थांबत नसत. गाळण्यात उरलेली जिवाणी त्या ज्या विहिरीचे पाणी, त्याच विहिरीत अलगद सोडीत. तेथे उरत ते जीव, म्हणून ते स्वस्थानी पोहोचवायचे. येथे उरते ते विष, म्हणून ते कोणत्याही जीवापर्यंत पोहोचू द्यायचे नाही. कृती भिन्न, विवेक एकच.

आपल्यापैकी अनेक जण उद्योजक आहेत. त्यांना नम्र विनंती, की जमाखर्चाच्या वहीत एक पान या उरलेल्या पाण्यासाठी राखावे. अहिंसेचा हिशेब त्या पानावरच पूर्ण होईल.

जय जिनेंद्र!