मराठीच्या कोठाराची किल्ली कोणाच्या हाती?

(इंदूर येथील अन्नपूर्णा भागातील मराठी भाषकांपुढे आमच्या संपादकांनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. मराठी संस्थांनी आपले संकेतस्थळ कोणत्या पायावर उभारावे, हा भाषणाचा विषय होता. सीमाभागातील वाचकांनाही तो तितकाच निकडीचा असल्यामुळे आज अग्रलेखाच्या जागी देत आहोत.)



१ नोव्हेंबर १९५६ हा दिवस तुमच्या आणि आमच्या कपाळी एकाच लेखणीने लिहिला गेला. राज्यपुनर्रचनेच्या ज्या कायद्याने इंदुरासह मध्य भारत मध्य प्रदेशात गेला, त्याच कायद्याने बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार, बीदर आणि भालकी त्या वेळच्या म्हैसूर राज्यात ढकलली गेली. भेद इतकाच की, होळकरांच्या या नगरीत तुम्ही घरच्या हक्काने राहिलात आणि आम्ही मात्र आमच्याच घरात परके ठरलो. पण परभाषिक राज्यात मराठी टिकवायची कशी, हा प्रश्न तुम्हांला आणि आम्हांला सारखाच आहे.

चळवळीच्या माणसाने संगणकाच्या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सोपे आहे. संयुक्त महाराष्ट्राचा लढा जसा मैदानावर लढला गेला तसाच तो छापखान्यातही लढला गेला. ज्याच्या हाती खिळे, त्याच्या हाती आवाज! आज तो छापखाना संगणकात आला आहे आणि त्याचे नाव मजकूर-व्यवस्थापन प्रणाली, लोकांच्या बोलण्यात सीएमएस. लेख, छायाचित्रे, तारखा आणि लेखकांची नावे ती एका कोठारात नीट लावून ठेवते आणि वाचकापुढे पान मांडते. उद्या पानाचा पोशाख बदलला तरी कोठारातले धान्य हलत नाही. म्हणून पोशाखाची चर्चा मागाहून करू. कोठाराची किल्ली कोणाकडे, हा पहिला प्रश्न आहे.

फुकट मिळणाऱ्या परक्या ओसरीवर संसार मांडणाऱ्यांचे काय होते, हे आपण पाहिले आहे. ऑर्कुटवर मराठी माणसांनी किती मंडळे भरवली, किती वाद घातले! ३० सप्टेंबर २०१४ रोजी मालकाने दार लावले आणि तो सारा मेळा उठला. मालकाने कायदा मोडला नाही. घर त्याचे होते, एवढेच!

दुसरे उदाहरण छपाईतले. संगणकावर मराठी जुळणी सुरू झाली तेव्हा जो तो आपापला टंक घेऊन बसला. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसवायची, अशी ती युक्ती होती. कागदावर छापून निघेपर्यंत सारे ठीक दिसे. पण तो टंक हरवला की त्याच लेखाची निरर्थक रोमन अक्षरे होतात आणि हजार पानांत ‘हुतात्मा’ हा शब्द शोधू म्हटले तर एकदाही सापडत नाही. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली आणि तिच्यात देवनागरी होती. तरीही आपल्याकडची कित्येक कार्यालये पुढे अनेक वर्षे जुन्याच टंकांना चिकटून राहिली. तो मजकूर आज आपल्या कपाटात आहे, पण आपल्या हाती नाही.

यावर उपाय मुक्तस्रोत प्रणालीचा. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थाने १९८३ साली मुक्त आज्ञावलीची चळवळ पुकारली आणि १९८९ साली तिच्यासाठी जीपीएल नावाचा परवाना लिहिला. या परवान्याखालील आज्ञावली कोणीही वापरावी, उघडून अभ्यासावी, बदलावी आणि दुसऱ्यास द्यावी. हे दान नव्हे, हा हक्क आहे! आणि हक्क असला की बंडही करता येते. ‘बी-टू’ नावाच्या प्रणालीचे काम थंडावले तेव्हा तिच्या वापरकर्त्यांपैकी दोघांनी, मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी, तीच आज्ञावली पुढे नेली आणि २७ मे २००३ रोजी वर्डप्रेस बाहेर पडली. आज जगातील चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे तिच्यावर चालतात. ‘मॅम्बो’च्या कारभाराशी पटेना, तेव्हा २००५ साली तिचे कारागीर आज्ञावलीसह बाहेर पडले आणि जूमला उभी राहिली. भाड्याच्या घरात असे करता येत नाही.

मात्र मुक्तस्रोत म्हटले की सत्ता संपली, असे मानणारा भोळा होय. सप्टेंबर २०२४ मध्ये वर्डप्रेसच्या मध्यवर्ती भांडाराचे दार एका मोठ्या कंपनीला बंद करण्यात आले आणि तिच्या ग्राहकांची कोंडी झाली. डिसेंबरात न्यायालयाने हुकूम दिला तेव्हा ते दार उघडले. बोध हा की, आज्ञावलीची आणि तिच्या जोडयंत्रणांची एक प्रत आपल्या घरी असलीच पाहिजे.

आता निवड. बातम्या, लेख, कार्यक्रम आणि स्मरणिका प्रसिद्ध करणाऱ्या संस्थेला वर्डप्रेस पुरे. तिचे आतले पडदेही मराठीत मिळतात, म्हणून इंग्रजी न जाणणारा कार्यवाहसुद्धा ती चालवू शकतो. अनेक विभाग, अनेक भाषा आणि परवानग्यांची गुंतागुंत असेल तर ड्रूपल घ्यावी. पण तिला जाणता माणूस कायम लागतो. सर्वांनी मिळून ज्ञानकोश लिहायचा असेल तर मीडियाविकी. १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनीच, सुरू झालेला मराठी विकिपीडिया तिच्यावरच चालतो. जुन्या अंकांच्या आणि दस्तऐवजांच्या प्रतिमा सूचीसह जतन करायच्या असतील तर २००२ साली एमआयटी आणि ह्यूलेट-पॅकार्ड यांनी बाहेर आणलेली डीस्पेस पाहावी. शेजारच्याने काय घेतले, यावरून निवडू नका. पाच वर्षांनी ती कोण सांभाळणार, यावरून निवडा.

उभारणीत पाच गोष्टी विसरू नका. संकेतस्थळाचे नाव संस्थेच्या नावावर नोंदवा; ते करून देणाऱ्या होतकरू तरुणाच्या नावावर नको. तो नोकरीसाठी परगावी गेला की संस्थेचा पत्ताही त्याच्याबरोबर जातो. २०१४ पासून ‘.भारत’ हे देवनागरी नावही मिळते. दुसरे, कोठार प्रथमपासून युनिकोडचे ठेवा आणि माहितीसाठ्याचा संच ‘यूटीएफ-८ एमबी-४’ निवडा. नाहीतर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसेल. तिसरे, लेखाचा पत्ता आखूड ठेवा. देवनागरीचे एक चिन्ह पत्त्यात नऊ चिन्हांची जागा खाते आणि वर्डप्रेसची मर्यादा २०० चिन्हांची असते. काना-मात्रा धरून बावीसेक चिन्हांतच मराठी मथळ्याचे शेपूट तुटते! चौथे, प्रशासकाचा अधिकार दोघांनाच द्या. इतरांना लेखकाचा वा संपादकाचा पुरे. पाचवे, प्रत्येक मजकुराच्या तीन प्रती, दोन निराळ्या साधनांवर आणि त्यांतली एक परगावी.

या ‘परगावी’ शब्दासाठीच मी इतक्या दूर आलो आहे. १७ जानेवारी १९५६ रोजी बेळगावात गोळीबाराला बळी पडलेल्या हुतात्म्यांच्या बातम्या, १९६७ च्या महाजन अहवालावरील लोकांचा संताप, गावोगावच्या ठरावांचे मजकूर, हे सारे जुन्या अंकांच्या पिवळ्या पानांवर आहे. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा घातला. आमची गावे मराठी होती आणि आहेत, याचा पुरावा या पानांनी वर्षानुवर्षे नोंदवून ठेवला आहे. दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड हवे, असा दंडक कर्नाटकाने २०२४ साली कायद्यात घातला. रस्त्यावरची मराठी अशी आक्रसत असताना तिचे कोठार एकाच गावात, एकाच कपाटात, एकाच वाळवीच्या भरवशावर ठेवायचे काय?

कन्नड भाषेशी आमचे वैर नाही. हीच प्रणाली कन्नडही तितक्याच प्रेमाने चालवते. तिच्या दारी बहुसंख्य आणि अल्पसंख्य असा भेद नाही. आमचे भांडण सक्तीशी आहे.

तेव्हा माझे मागणे असे आहे. आम्ही सीमाभागातले जुने अंक प्रतिमांत उतरवू आणि युनिकोडात आणू. त्याची एक प्रत इंदुराने सांभाळावी. १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन मराठी साहित्यसंमेलने या शहराने भरवली. त्या काळच्या स्मरणिका, पत्रके आणि सभावृत्ते तुम्ही गोळा करा. त्यांची प्रत बेळगाव सांभाळील. येथे संगणक जाणणारे मराठी तरुण पुष्कळ आहेत. त्यांनी महिन्याचा एक रविवार या कामाला द्यावा.

ज्या अन्नपूर्णेच्या नावाने तुमचा हा भाग ओळखला जातो, तिच्या दारी पंगतीला कोणी बसावे, ही विचारणा होत नाही. मुक्तस्रोताची पंगतही तशीच आहे. फक्त येथे वाढपी आपणच, भांडी घासणारेही आपणच आणि कोठीची राखण करणारेही आपणच! जो एवढे करील त्याची भाषा कोणत्याही राज्यात उपाशी राहणार नाही.

जय महाराष्ट्र!