आहार आणि अहिंसा : उषस्तीच्या उडदांपासून पंचामृतापर्यंत



गोमंतकातील मठांच्या उत्सवांत दुपारच्या पंगतीला खतखते, मुगागाठी, तोय आणि पायस वाढले जाते. त्याच पंगतीतून उठलेली पुष्कळशी मंडळी चार दिवसांनी आपापल्या घरी मासळीची आमटी जेवतात. बाहेरून आलेल्या मनुष्याला हा विसंवाद वाटतो; घरच्यांना तो पिढ्यान्‌पिढ्या वाटला नाही. सोमवार, एकादशी, श्रावण महिना हे शिवराकाचे दिवस आणि इतर दिवस नुस्त्याचे, अशी वाटणी तिथीनेच करून ठेवली होती. एकाच घरात वडील जन्मभर मासळीला शिवत नाहीत आणि मुलांना तिच्यावाचून घास उतरत नाही, हेही नित्याचेच. त्यावरून कोणाचे मन दुखावल्याचे फारसे ऐकिवात नाही.

अलीकडे मात्र या घरांत तिसरा पक्ष उभा राहिला आहे. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी परगावी गेलेला नातू सुट्टीत परत येतो तो मांस-मासळीच नव्हे, तर दूध, दही, तूप आणि मधही सोडून. जेवणाचे निभावून जाते, कारण गोमंतकीय स्वयंपाकात गाईच्या दुधापेक्षा नारळाचेच दूध अधिक. प्रश्न उभा राहतो तो देवघरात. पंचामृताच्या पाच द्रव्यांपैकी साखर तेवढी त्याला चालते. उरलेली चार त्याच्या व्रताबाहेरची. आजी पळीतून तीर्थ द्यावयास जाते आणि नातू हात मागे घेतो. मासळी नाकारणाऱ्याला जिने कधी नावे ठेवली नाहीत, त्या आजीच्या मनाला ही गोष्ट लागते. हा नुसता जिभेचा प्रश्न असता तर त्यावर व्याख्यानाची आवश्यकता नव्हती.

आहारावरून वाद होण्याची या समाजाला सवय नाही असे नाही. मत्स्याहारी म्हणून सारस्वतांना षट्कर्मांचा अधिकार नाही, ते त्रिकर्मीच होत, असा आक्षेप इतर ब्राह्मणांकडून घेतला जात असे, आणि त्यावरून ग्रामण्ये माजली. त्या आक्षेपाला उत्तर म्हणून महाभारताच्या शल्यपर्वातील सारस्वत मुनींची कथा पुढे केली जाई. बारा वर्षांचे अवर्षण पडले, ऋषी अन्नासाठी दाही दिशांना पांगले. दधीचिपुत्र सारस्वत तेवढा सरस्वतीच्या तीरी राहिला. मातेने दिलेल्या मत्स्यांवर त्याने प्राण धारण केले आणि वेद राखले. पाऊस पडल्यावर वेद विसरलेले साठ हजार ऋषी त्याच्यापाशी शिकावयास आले.

कथा सुंदर आहे, परंतु ती सांगणाऱ्यांनी तिच्यातील अवर्षण बहुधा गाळले. ते मासे बारा वर्षांच्या दुष्काळातले होते. कोठारात भात आणि परसात भाजी असताना त्या कथेचा आधार घेणे म्हणजे आजाऱ्याचे पथ्य निरोग्याने मिष्टान्न म्हणून खाणे होय. किनाऱ्यावर डाळ घाटावरून यावयाची आणि मासळी दारात मिळावयाची, हे कारण अधिक खरे होते. ते सांगण्यात कमीपणा मानण्याचे काही कारण नव्हते.

या बाबतीत छांदोग्य उपनिषदातील उषस्ति चाक्रायण अधिक रोकठोक वाटतो. कुरुदेशातील पिके नष्ट झाली असता तो पत्नीसह हत्तीवाल्यांच्या एका गावात राहत होता. तेथे एक माणूस हलक्या प्रतीचे उडीद खात बसला होता. उषस्तीने त्याच्याजवळ त्यांतलेच मागितले. उष्ट्याशिवाय दुसरे काही नाही असे सांगूनही त्याने ते घेतले. मात्र त्या माणसाने पाणी पुढे केले तेव्हा ते उष्टे म्हणून नाकारले. मग हे उडीद उष्टे नव्हते काय, असे विचारल्यावर उषस्तीने सांगितले ते असे : उडीद खाल्ले नसते तर जगलो नसतो, पाणी मात्र हवे तेथे मिळेल. उरलेले उडीद त्याने पत्नीसाठी नेले. तिला आधीच भिक्षा मिळाली होती म्हणून तिने ते जपून ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी तेच शिळे उडीद खाऊन तो राजाच्या यज्ञाला गेला. उडीद आणि पाणी यांच्यामध्ये त्याने रेघ ओढली ती पदार्थ पाहून नव्हे, गरज पाहून. आहारवादातील प्रत्येक पक्षाने स्वतःला विचारावा असा प्रश्न त्या रेघेत आहे : आपल्या ताटातील कोणती वस्तू उडीद आहे आणि कोणती पाणी?

शास्त्रग्रंथांत एकच एक उत्तर शोधणाऱ्याची निराशा होते. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात यज्ञातील मांस विहित आहे, काही मासेही भक्ष्य ठरविले आहेत. आणि त्याच अध्यायात मारणाऱ्याबरोबर अनुमती देणारा, विकणारा, विकत घेणारा, रांधणारा, वाढणारा आणि खाणारा हे सारेच घातकी म्हटले आहेत. वनपर्वातील मिथिलेचा धर्मव्याध मांस विकतो, पण स्वतः मारीत नाही आणि खातही नाही. आपल्याला धर्म विचारावयास आलेल्या कौशिक ब्राह्मणाला तो दाखवून देतो की, नांगराच्या फाळाखाली असंख्य जीव मरतात. हे बोल शाकाहाराचा अभिमान धरणाऱ्याने ऐकून ठेवावेत असे आहेत. शेतात जीव मरतातच, मग बोकड मारल्याने काय बिघडले, असा मात्र त्यांचा अर्थ काढता येत नाही. खुद्द धर्मव्याधाने तो काढला नव्हता.

बुद्धाची भूमिका याहून निराळी. आपल्यासाठी प्राणी मारल्याचे पाहिले नाही, ऐकले नाही आणि तशी शंकाही नाही, असे मांस भिक्षेत आले तर भिक्षूने घ्यावे. मत्स्यमांस भिक्षूंना सर्वथा वर्ज्य करावे ही देवदत्ताची मागणी त्याने मानली नाही. पुढे महायानातील लंकावतारसूत्राने मात्र मांसाहाराचा कडक निषेध केला.

या विषयावर मराठीत निर्भयपणे लिहिणारा पंडित गोमंतकाच्याच मातीतला. धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १८७६ साली साखवाळ येथे झाला. बुद्ध आणि त्या काळचे श्रमण, जैन श्रमणांसह, भिक्षेतील मांस घेत असत, असे त्यांनी जुन्या ग्रंथांच्या आधारे मांडले. जैन समाजात त्यामुळे मोठा क्षोभ झाला. कोसंबी आपल्या मतावरून हटले नाहीत. परंतु जैन धर्माविषयी त्यांच्या मनात अनादर होता असे समजणे चुकीचे ठरेल. पार्श्वनाथाच्या चातुर्याम धर्माचा त्यांनी आदराने अभ्यास केला, आणि देह निरुपयोगी झाला असता अन्नत्यागाने तो ठेवावा, हा श्रमणांचा मार्ग स्वतः पत्करून ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे प्राण सोडले. पूर्वजांनी काय खाल्ले हे सांगणे आणि त्यांच्या अहिंसेला मान देणे या दोन गोष्टी एका माणसात सुखाने नांदल्या. आजच्या वादात ते क्वचितच दिसते.

दुधाचा प्रश्नही नवा नाही. गांधीजींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले. ब्रह्मचर्याच्या विचाराबरोबरच कलकत्त्याच्या गवळ्यांकडून गाईम्हशींवर होणाऱ्या क्रौर्याची माहितीही त्याला कारण झाली. पुढे हिंदुस्थानात दीर्घ दुखण्यानंतर ते शेळीच्या दुधास कबूल झाले. व्रत घेताना मनात गाईम्हशीचेच दूध होते, ही त्यातली पळवाट. तिचे समर्थन त्यांनी केले नाही. अक्षर राखले, आत्मा गमावला, असा कबुलीजबाबच त्यांनी आत्मकथेत दिला.

१९४४ च्या नोव्हेंबरात इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन व त्यांच्या सोबत्यांनी 'व्हीगन' हा शब्द रूढ केला तो याच विचाराच्या टोकाला जाऊन. त्यांचा युक्तिवाद साधा आहे : गाय व्याल्याशिवाय दूध देत नाही, तिला होणाऱ्या वासरांपैकी निम्मे गोऱ्हे, नांगराची जागा ट्रॅक्टरने घेतल्यावर त्या गोऱ्ह्यांचे काय होते, हे दूध पिणाऱ्याने विचारू नये काय? या प्रश्नाला गोभक्तीचे उत्तर पुरत नाही. मात्र व्हीगन मंडळींनीही एक गोष्ट लपवू नये. १९४८ साली शोध लागलेले बी-१२ जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. ते औषधाच्या गोळीतून वा ते मुद्दाम मिसळलेल्या खाद्यातून घ्यावे लागते. ज्याला ती गोळी परवडते त्याला दूध हे उषस्तीचे पाणी. जिच्या घरात एक म्हैस हाच संसाराचा आधार, तिला ते उडीद. आणि रापण ओढून पोट भरणाऱ्या रापणकाराला मासळी सोडावयास सांगण्यापूर्वी सांगणाऱ्याने आपल्या वाटीतील तुपाचा हिशेब द्यावा.

पावसाळ्यात, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत, गोव्यात ट्रॉलरच्या मासेमारीस बंदी असते, कारण पुष्कळशा मासळीचा तो विणीचा काळ. जुना कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत होडी समुद्रात लोटीत नसे, आणि श्रावणात घरोघर मासळी वर्ज्य असे. वादळाचे भय, व्रत आणि विणीचे दिवस यांतले आधी काय आणि मागून काय, हे कोणी ठरवीत बसले नाही. समुद्राला तेवढी उसंत मिळत गेली.

राहिले देवघरातले पंचामृत. पत्रं पुष्पं फलं तोयं ही देवाला पुरतात असे मानणाऱ्या धर्मात नातवासाठी शहाळ्याच्या पाण्याचे तीर्थ निराळ्या पंचपात्रीत ठेवणे आजीला अशक्य नाही. काही घरांत तसे होऊही लागले आहे. नातवाने मात्र ती पंचपात्री घासून ठेवण्याचे काम आपल्याकडे घ्यावे, असे आजीचे म्हणणे आहे.