वीस वर्षांचा हप्ता, बारा वर्षांत

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



तीस वर्षांनी इतके ओळखीचे चेहरे एकत्र बघून बोलायचं म्हणजे अवघडच आहे. त्यात संयोजकांनी मला विषय दिलाय "कर्जमुक्ती". डॉक्टर झालेल्यांना आरोग्य, वकील झालेल्याला कायदा आणि मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये, तर मला कर्ज! कारण विचारलं तर म्हणाले, ग्रुपवर तूच लिहिलं होतंस की घराचं कर्ज आठ वर्षं आधी फिटलं, आता ते कसं फेडलं ते सांग. सांगते. पण आधी थोडं शाळेत जाऊन येऊ.

आपल्या शाळेत संचयिका होती, आठवते? दर शनिवारी मधल्या सुट्टीत व्हरांड्यात टेबल मांडायचे. कोणी आठ आणे, कोणी रुपया भरायचा, पासबुकात नोंद व्हायची आणि जमलेले पैसे पोस्टात जायचे. आठवीत मी कॅशियर होते. एका शनिवारी हिशेबात दोन रुपये कमी आले. मी रडकुंडीला आले आणि घरून आणून दोन रुपये टाकते म्हणाले. गणिताच्या बाईंनी टाकू दिले नाहीत. "पैसे भरून हिशेब जुळत नाही, चूक सापडली की जुळतो," एवढंच म्हणाल्या आणि सगळी पासबुकं पुन्हा तपासायला लावली. सोमवारी सापडलं. एका मुलाचे दोन रुपये मी दोन वेळा लिहिले होते. पैसे कुठेच गेले नव्हते, नोंद चुकली होती. बाई आज समोर बसल्या आहेत. बाई, हे तुम्हाला आठवत नसेल, पण माझ्या कर्जाच्या गोष्टीत हे पुन्हा येणार आहे.

माझे वडील दुर्गापूरच्या कोळसा खाणीत होते, हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत आहे. आम्ही क्वार्टरमध्ये राहायचो. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा वडिलांनी तुकूममध्ये प्लॉट घेऊन फंडाच्या पैशातून दोन खोल्या बांधल्या, वर टिना टाकल्या. स्लॅब नंतर टाकू म्हणाले. कर्ज काढून स्लॅब टाकायला ते तयार नव्हते. आमच्या आजोबांची मूल तालुक्यातली धानाची दोन एकर जमीन सावकाराकडे गेली होती, त्यामुळे आमच्या घरात "कर्ज" हा शब्द हळू आवाजात बोलला जायचा. २०११ साली आम्ही पुण्यात धायरीला फ्लॅट घेतला आणि वीस लाखांचं कर्ज काढलं. आईला फोन केला, तर ती म्हणाली, "एवढं डोक्यावर घेऊन झोप येते का गं तुले?"

खरं सांगायचं तर तेव्हा झोप येत होती. दोघांना पगार होता, हप्ता कापला जात होता. झोप उडाली ती वर्षभराने, बँकेचं विवरणपत्र हातात आल्यावर.

दर तेव्हा दहा टक्क्यांच्या आसपास होता, हिशेबाला सोपा म्हणून दहाच धरते. वीस लाख, वीस वर्षं, दहा टक्के, तर हप्ता येतो १९,३०० रुपये. पहिल्या हप्त्यातले १६,६६७ रुपये व्याजात जातात आणि मुद्दल कमी होतं २,६३३ रुपयांनी. पहिल्या वर्षात मी २,३१,६०० रुपये भरले होते आणि मुद्दल उतरलं होतं जेमतेम ३३,००० ने. पूर्ण वीस वर्षं भरले असते तर वीस लाखांचे ४६ लाख ३२ हजार झाले असते. मी इंजिनीअर आहे, हे गणित मला पहिल्या दिवशी यायला हवं होतं. येतही होतं. पण कागदावर सही करताना माणूस गणित करत नाही, बाल्कनी कोणत्या दिशेला आहे ते बघतो.

मग मी एक्सेल शीट उघडली. त्यातली एकच गोष्ट सांगते, कारण ती बघितली नसती तर पुढचं काहीच केलं नसतं. हप्ता तोच ठेवून पहिल्यापासून दर महिन्याला फक्त हजार रुपये जास्त भरले, तर २४० ऐवजी २०८ हप्त्यांत कर्ज संपतं. दोन हजार जास्त भरले तर १८४. पाच हजार भरले तर १४०, म्हणजे पावणेबारा वर्षांच्या आत. कारण जास्तीचा रुपया व्याजात जात नाही, सरळ मुद्दलात जातो, आणि त्या रुपयावरचं पुढच्या सगळ्या वर्षांचं व्याज वाचतं. म्हणून पहिल्या वर्षी भरलेले दहा हजार शेवटचे तीन-साडेतीन हप्ते खाऊन टाकतात. तेच दहा हजार अठराव्या वर्षी भरले तर अर्धा-पाऊण हप्ता.

नशीब असं की त्याच सुमारास, जून २०१२ मध्ये, रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं की फ्लोटिंग दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेडल्याचा दंड घ्यायचा नाही. माझ्या करारात दोन टक्के दंडाचं कलम होतं, ते निकालात निघालं.

आता घरातली बचत. इथे मैत्रिणी वही काढतील, पण नवीन काही नाही, आपल्या आयांनी केलेलंच आहे. उन्हाळ्यात चंद्रपूरला आले की वर्षाच्या वड्या, पापड, कुरड्या, डाळ, तिखट घेऊन जायचे. रेल्वेत माझं सामान बघून लोक विचारायचे, दुकान आहे का? ऑफिसच्या कँटीनऐवजी डबा. दुसरी गाडी घेतली नाही, नवऱ्याने कंपनीची बस धरली. फ्रिजचा हप्ता संपला, तर तेवढीच रक्कम पुढच्या महिन्यापासून घराच्या कर्जासाठी बाजूला. ही शेवटची युक्ती सगळ्यांत बिनदुखाची, कारण त्या पैशाशिवाय जगायची सवय आधीच झालेली असते. एसी मात्र घेतला नाही. चंद्रपूरच्या मे महिन्यात कूलरसमोर ओला पंचा लावून अभ्यास केलेल्या माणसाने पुण्यात एसी घ्यावा, हे मला जरा लाजिरवाणं वाटलं.

हे सुटे पैसे लगेच कर्जात भरता येत नव्हते, कारण माझी बँक एका हप्त्यापेक्षा कमी रक्कम घेत नव्हती. मग ते आरडीत साठवायचे आणि वीस हजार झाले की भरायचे. भरताना अर्जावर लिहून द्यायचं: हप्ता कमी करू नका, मुदत कमी करा. हे लिहिलं नाही तर काही ठिकाणी हप्ता कमी करून देतात. महिन्याला दीडशे-दोनशे रुपये सुटल्याचा आनंद होतो आणि मुदत तशीच राहते.

आणि आता जे मी ग्रुपवर लिहिलं नव्हतं ते.

दोन वर्षांत मला या शीटचं व्यसन लागलं. शिल्लक हप्त्यांचा आकडा कमी होताना बघायची चटक लागली. फेब्रुवारी २०१४ मध्ये घरात होते नव्हते ते साठ हजार मी कर्जात भरले आणि मुदत एकदम बरीच कापली म्हणून खूश झाले. एप्रिलमध्ये नवऱ्याची नोकरी गेली. पाच महिने एकाच पगारावर काढले. मुलगी तीन वर्षांची, हप्ता १९,३०० चा, आणि खात्यात काही नाही. बँकेत जाऊन विचारलं की फेब्रुवारीत भरलेल्यातून काही परत मिळेल का. ज्या बाई काउंटरवर होत्या त्या माझ्याकडे इतक्या दयेने बघत होत्या की मी पुढे बोललेच नाही. कर्जात गेलेला पैसा परत येत नाही. हे माझ्या शीटमध्ये कुठल्याच रकान्यात नव्हतं.

आईने तिची पोस्टातली आरडी मोडली. महिन्याला बाराशे रुपये, चाळीस महिने, ४८,००० रुपये. पाच वर्षांची होती. तीन वर्षं उलटली होती म्हणून मोडता आली, पण व्याज मिळालं साध्या बचत खात्याचं. पोस्टाच्या एजंट काकू घरी येऊन तिला समजावत होत्या की ताई, थोडं थांबा. ती थांबली नाही. मला फक्त म्हणाली, "पैसे पडूनच होते."

पडून नव्हते. ते स्लॅबचे होते. जुलैमध्ये चंद्रपूरला आले तेव्हा धो धो पाऊस होता आणि मधल्या खोलीत तीन ठिकाणी बादल्या ठेवल्या होत्या. एक माझ्या जुन्या टेबलाखाली, जिथे बसून मी बारावीचा अभ्यास केला होता. वडील काही बोलले नाहीत. मी माझं घर लवकर माझ्या नावावर करायला गेले आणि त्यांच्या घरात दोन पावसाळे पाणी गळत राहिलं. पैसे मी फेब्रुवारी २०१५ मध्ये परत केले. स्लॅब टाकला गेला २०१६ च्या उन्हाळ्यात, तोवर लोखंड आणि मजुरी दोन्ही वाढलं होतं.

त्यानंतर नियम बदलला. सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते आधी बाजूला ठेवायचे, त्याला हात लावायचा नाही, आणि त्याच्या वरचं जे असेल ते कर्जात. गती कमी झाली, शीट बघणंही कमी झालं. नवऱ्याचं म्हणणं असायचं की कर्जात भरण्यापेक्षा म्युच्युअल फंडात टाकू, जास्त मिळेल, शिवाय व्याजावर दोन लाखांपर्यंत करसवलत आहे. त्याचं गणित चूक नव्हतं. पण २०१४ चे ते पाच महिने काढल्यावर मला जास्त नको होतं, कमी हप्ते हवे होते. शेवटी अर्धं-अर्धं केलं. त्याच्या अर्ध्याने जास्त कमावलं, हे इथे कबूल करते, तो मागे बसलाय.

आता बाईंच्या दोन रुपयांकडे येते. ऑक्टोबर २०१९ पासून नवीन फ्लोटिंग गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडणं बँकांना सक्तीचं झालं. जुन्या कर्जदारांना मात्र स्वतः अर्ज करून बदलून घ्यावं लागत होतं. मे २०२० मध्ये रेपो चार टक्क्यांवर आला आणि माझा दर जागचा हलेना, म्हणून मी लॉकडाऊनमध्ये सगळी विवरणपत्रं काढून बसले. तेव्हा दिसलं की २०१८ मध्ये भरलेले वीस हजार मुद्दलातून वजाच झालेले नाहीत. ते "आगाऊ हप्ता" म्हणून पडून होते, व्याजाचा काडीचा फायदा नाही. दोन वर्षं मी मानून चालले होते की भरले म्हणजे झालं. पैसे कुठे गेले नव्हते, नोंद चुकली होती. चार मेल, दोन चकरा, आणि मागच्या तारखेपासून दुरुस्ती करून घेतली. तेव्हापासून प्रत्येक भरण्यानंतर मी मुद्दलाचा नवीन आकडा लेखी मागते. दरही काही हजारांचं शुल्क भरून बदलून घेतला. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो अडीच टक्क्यांनी वर गेला, तेव्हा माझ्या सहकाऱ्यांची मुदत त्यांना न कळता वाढलेली मी पाहिली. एकाची तर निवृत्तीच्या पुढे गेली होती. तुमच्यापैकी ज्यांचं कर्ज चालू आहे त्यांनी आज घरी गेल्यावर हप्ता किती ते बघू नका, तो माहीत असतो. किती हप्ते उरलेत ते बघा.

कर्ज संपलं डिसेंबर २०२३ मध्ये, १४३ हप्त्यांत. नंतर सगळी बेरीज केली. हप्त्यांवर वेगळे साडेसहा लाख भरले होते. त्यात डबा, वड्या, बस, रद्दी यांचा वाटा सव्वादोन लाखांचा. बाकीचे पगारवाढ झाली तरी खर्च वाढवला नाही त्यातून आणि दिवाळीच्या बोनसमधून आले. म्हणजे मेथीच्या जुडीवर दोन रुपये घासाघीस करून घर फिटत नाही, हे मैत्रिणींनी नवऱ्यांना सांगायला हरकत नाही. पण पहिल्या तीन वर्षांत, जेव्हा पगारच बेताचे होते, तेव्हा भरलेलं जवळजवळ सगळं त्या डब्यातलंच होतं, आणि सगळ्यांत जास्त हप्ते त्यानेच खाल्ले. एकूण वाचलं साधारण बारा लाख. मधे दर बदलत राहिले, त्यामुळे आकडा ढोबळ समजा.

कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागदपत्रं परत द्यायची, उशीर झाला तर दिवसाला पाच हजार द्यायचे, हा रिझर्व्ह बँकेचा नियम त्याच महिन्यात, १ डिसेंबरपासून लागू झाला होता. माझी एकोणीस दिवसांत मिळाली. खरेदीखत, इंडेक्स दोन, सगळं मोजून घेतलं आणि मगच सही केली.

संक्रांतीला ती फाईल घेऊन तुकूमला आले. वडिलांना आता नीट दिसत नाही, त्यांनी नुसता हात फिरवला. आईने पदराने फाईल पुसली, देवापुढे ठेवली आणि विचारलं, "मंग आता तो हप्ता कुठी जाते?" मी म्हटलं, अजून ठरवलं नाही. ती आत गेली आणि पोस्टाच्या एजंट काकूंचा नंबर घेऊन आली.