अभ्यास कशासाठी आणि कसा?

(मंडळाच्या विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मंडळाने मला ‘विद्यार्थ्यांची प्रेरणा’ हा विषय दिला. हा विषय मिळाला की वक्ता दोन-चार थोरांची उदाहरणे देतो, टाळ्या घेतो आणि खाली बसतो. तशा भाषणांचीही गरज असते. परंतु महाविद्यालयातल्या मुलांना प्रेरणा कमी पडते आणि आपण वरून ती ओतायची, हे गृहीतच मला मान्य नाही. एका खोलीत पाच माणसे, रात्री दिवा किती वाजेपर्यंत चालू ठेवायचा यावरून कुरबुर, अशा घरातून जो मुलगा किंवा मुलगी पदवीच्या वर्गापर्यंत पोचते, तिच्याकडे प्रेरणा भरपूर असते. खरा प्रश्न ती प्रेरणा कोणत्या प्रकारची आहे हा आहे. कारण ‘कशासाठी शिकतो’ याचे उत्तर जसे असेल, तशी ‘कसा शिकतो’ ही रीत बनत जाते.

आधी रीतीविषयी बोलतो. १९७६ साली स्वीडनमधील गोथेनबर्ग विद्यापीठातल्या फेरेन्स मार्टन आणि रॉजर सेल्यो या संशोधकांनी आपला एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक लेख वाचायला दिला. लेख विद्यापीठांतील निकालाच्या प्रमाणाविषयी होता. त्याचे सार असे की काही गटांचे निकाल कमी लागतात, तेव्हा सरसकट सर्वांना एकच उपाय लावू नका, ज्या गटाला गरज आहे त्याच्यासाठी उपाय करा. (हा मुद्दा आपल्याला स्वीडनकडून शिकायची गरज नाही, ही गोष्ट वेगळी!) वाचून झाल्यावर विद्यार्थ्यांना दोन गोष्टी विचारल्या. लेखकाचे म्हणणे काय? आणि वाचताना तुम्ही नेमके काय करत होता?

काहींनी सार बरोबर सांगितले. काहींना ‘गटागटांच्या निकालात फरक असतो’ एवढेच सांगता आले. उपायाचा भाग हातून निसटला होता. गंमत दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात होती. दुसऱ्या प्रकारचे विद्यार्थी आळशी नव्हते. पुढे प्रश्न विचारणार, म्हणून ते वाक्ये आणि आकडे ध्यानात ठेवण्याच्या खटपटीत होते. त्यांचे डोळे शब्दांवर होते. पहिल्या प्रकारचे विद्यार्थी शब्दांच्या पलीकडे, लेखकाला काय सांगायचे आहे तिकडे पाहत होते. या दोन रीतींना सखोल अभ्यास आणि वरवरचा अभ्यास अशी नावे पडली.

हे दोन शिक्के कोणाच्या कपाळावर मारायचे नाहीत, कारण सेल्यो यांनी पुढचा प्रयोग केला. एका गटाला प्रत्येक वाचनानंतर बारीकसारीक तपशील विचारले. दुसऱ्या गटाला आशय विचारला. पहिला गट लवकरच वरवरच्या वाचनाकडे वळला. म्हणजे जसा प्रश्न, तसा अभ्यास. सत्र संपताना झेरॉक्सच्या दुकानात ‘आयएमपी’ प्रश्नांच्या प्रती घ्यायला रांग लागते, तिला मुलांइतकीच प्रश्नपत्रिकाही जबाबदार आहे, हे आम्ही शिक्षकांनी ऐकून घेतले पाहिजे.

पुढे ऑस्ट्रेलियात जॉन बिग्ज आणि इंग्लंडमध्ये नोएल एन्टविसल यांनी तिसरी रीत दाखवली. हा विद्यार्थी हिशेबी असतो. कोणत्या घटकाला किती गुण, कोणते सर काय विचारतात, वेळ कुठे घालवायचा, हे तो पाहतो. या विद्यार्थ्याला नावे ठेवू नयेत असे मला वाटते. ज्याला दुपारी महाविद्यालय आणि संध्याकाळी दुकानात काम आहे, त्याने हिशेब नाही करायचा तर कोणी करायचा? फक्त हिशेबाखाली समज नसेल, तर तोंडी परीक्षेत किंवा नोकरीच्या मुलाखतीत तो उघडा पडतो.

पाठांतराविषयीही दोन शब्द. पाठांतर म्हणजे वरवरचा अभ्यास, असे सरसकट म्हणणे चूक आहे. चिनी विद्यार्थी इतके घोकतात तरी समजही चांगली कशी दाखवतात, हे कोडे पाश्चात्त्य अभ्यासकांना बराच काळ पडले होते. डेव्हिड वॉटकिन्स आणि बिग्ज यांनी १९९६ साली संपादित केलेल्या ग्रंथात त्याची उकल आली: तिथे अनेकजण समजण्यासाठीच पुन्हा पुन्हा म्हणतात, आणि प्रत्येक फेरीत अर्थ थोडा अधिक उलगडतो. तेव्हा पाठ करा, जरूर करा. पण म्हणताना अर्थ शोधता आहात की शोधायचे टाळता आहात, एवढे स्वतःला विचारा.

आता ‘कशासाठी’. अमेरिकेतील एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी १९८५ साली या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे आपल्या मुलांच्या तोंडी घालून सांगतो. एक म्हणतो, “घरचे ओरडतात म्हणून करतो.” दुसरी म्हणते, “नाही केला तर माझीच मला लाज वाटेल, लोक काय म्हणतील.” तिसरा म्हणतो, “मला सरकारी खात्यात अभियंता व्हायचंय, त्याला हे लागतं, मला ते पटलंय.” चौथी म्हणते, “मला या विषयात गोडीच वाटते.” पहिले दोघे दबावाखाली चालतात, एकाचा दबाव बाहेर आहे, दुसरीचा आत शिरून बसला आहे. शेवटचे दोघे आपखुशीने चालतात. तिसऱ्याकडे नीट पाहा. त्याला विषयाची गोडी असेलच असे नाही, तो नोकरीसाठी शिकतो आहे. पण कारण त्याचे स्वतःचे आहे. पोटासाठी शिकणे हे कमी प्रतीचे शिकणे, असे हे शास्त्र म्हणत नाही.

प्रत्यक्षात कोणाही एका मुलात ही सगळी कारणे मिसळलेली असतात. २००९ साली बेल्जियममधील मार्टेन व्हानस्टीनकिस्ते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांचे या मिश्रणावरून चार गट पाडले. एका गटात आपखुशी जास्त, दबाव कमी. दुसऱ्यात दोन्ही जास्त. तिसऱ्यात दोन्ही कमी. चौथ्यात आपखुशी कमी आणि दबाव जास्त. आपल्याला वाटेल, दुसरा गट सर्वांत पुढे असणार, कारण त्याच्याकडे प्रेरणेचा साठाच मोठा. तसे झाले नाही. पहिला गटच अभ्यासाच्या रीतीत सरस ठरला. समजून वाचणे, वेळ नीट वापरणे, काम पुढे न ढकलणे, परीक्षेची धास्ती कमी असणे, या बाबतीत तो पुढे होता. वर दबाव घातल्याने काही फायदा झाला नाही. आणि केवळ दबावावर चालणाऱ्या चौथ्या गटाची स्थिती ज्यांना फारशी प्रेरणाच नाही त्यांच्याहून बरी नव्हती.

इथे मी माता-पित्यांशी बोलतो. आपल्या घरातली बहुतेक मुले त्या दुसऱ्या गटातली आहेत, असे माझे अनेक वर्षे वर्गात उभे राहून झालेले मत आहे. शिकायची ओढही आहे आणि डोक्यावर ओझेही आहे. “आईच्या कष्टाचं चीज करायचंय,” असे सगळीच म्हणतात. पण हेच वाक्य दोन मुले दोन अर्थांनी म्हणतात. एकाला आईचा कष्ट आठवला की पुस्तक जवळचे वाटते. दुसऱ्याला तोच कष्ट आठवला की छातीत धडधड होते, केटी लागली तर घरी तोंड कसे दाखवू या विचारात तो रात्रभर व्याख्या घोकतो आणि सकाळी प्रश्न थोडा फिरवून आला की कोरा होतो. दोघांची आई तितकीच राबते. फरक बऱ्याचदा घरात होणाऱ्या बोलण्यात असतो. “आम्ही तुझ्यासाठी किती खस्ता खाल्ल्या” हे रोज ऐकवले की ते कर्ज होते. “आज काय शिकवलं, मला सांग बघू” असे न शिकलेल्या आईने विचारले, तर मुलीला तो भाग साध्या मराठीत मांडावा लागतो. सखोल अभ्यास याहून वेगळा काय असतो?

आता मंडळाविषयी, अध्यक्ष महोदय, स्पष्ट बोलतो. आपण दरवर्षी टक्केवारीवर गुणगौरव करतो. डेसी यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी दिली. ज्यांना कोडे सुटल्यावर पैसे दिले, ते पैसे बंद झाल्यावर मोकळ्या वेळात कोड्यांना कमी हात लावू लागले. ज्यांची तोंडी वाखाणणी केली, त्यांची गोडी मात्र कमी झाली नाही. यावरून गुणगौरव बंद करा असे मी म्हणणार नाही. ज्या घराचे नाव कधी कुठल्या फलकावर लागले नाही, त्या घराला त्या शालीची आणि स्मृतिचिन्हाची किंमत विचारा! पण व्यासपीठावरून टक्के पुकारताना त्या मुलाने काय केले, तेही दोन वाक्यांत सांगा. प्रकल्प कशावर केला, कोणता विषय जड गेला आणि तो कसा उलगडला. खाली बसलेल्या नववी-दहावीच्या पोरांच्या कानावर तेही पडू द्या.

आणि अभ्यासिका. तिथे सध्या शांतता पाळा अशी पाटी आहे, ती योग्यच आहे. माझी सूचना एवढीच की आठवड्यातून एक संध्याकाळ, समजा रविवारी सहा ते सात, ती पाटी उलटी करावी. त्या तासात एका विद्यार्थ्याने आपल्या विषयातला एक मुद्दा, वही मिटून, दुसऱ्या शाखेच्या मुलांना समजावून सांगायचा. वाणिज्यवाल्याने विज्ञानवालीला, तिने कलावाल्याला. ऐकणाऱ्याने “नाही कळलं” म्हणायचे, लाजायचे नाही. गुण नाहीत, बक्षीस नाही, हजेरीपट नाही. फळा आणि खडू मंडळाने द्यावा. पहिल्या रविवारी कोणी पुढे आले नाही, तर मी स्वतः येऊन एक मुद्दा मांडीन, आणि “नाही कळलं” म्हणायची सुरुवात माझ्यापासूनच करा.