शहरातला चौथा गिअर



कार्यक्रमपत्रिकेत आजचा विषय वाचून काही मंडळी हसली असतील. कामगार चळवळीतला माणूस, आणि बोलणार काय, तर अमेरिकन मोटारीच्या गिअरबॉक्सवर! पण माझी निम्मी हयात गॅरेजांच्या दारात गेली आहे. दुरुस्त करून दिलेला गिअरबॉक्स जळून परत आला की काय होते, ते मी पाहिले आहे. मालक म्हणतो, कारागिराने काम बिघडवले. गॅरेजवाला म्हणतो, खर्च याच्या पगारातून कापू. कारागीर म्हणतो, मी नीट बांधला होता. खरे कोणाचे हे ठरवावयाचे तर आधी यंत्र समजले पाहिजे. मी सातवीत शाळा सोडली. जे शिकलो ते तेलकट मॅन्युअले वाचून आणि मिस्त्री लोकांना प्रश्न विचारून. तेव्हा जड शब्द माझ्यापाशी नाहीत, ही तुमची सोय समजा.

उदाहरण अमेरिकेचे घेतो, कारण जुनी गाडी घेऊन ती अधिक जोरकस करण्याचा नाद तिकडे फार. १९७३ साली तेलाची टंचाई झाली, १९७५ साली तिथे कायदा आला, आणि १९८५ पर्यंत कंपनीच्या नव्या मोटारींची सरासरी गॅलनला साडेसत्तावीस मैल, म्हणजे लिटरला बारा किलोमीटरच्या जरा आत, आणावी असे ठरले. जनरल मोटर्सने १९८२ च्या गाड्यांत ७००आर४ नावाचा चार गिअरांचा स्वयंचलित गिअरबॉक्स आणला तो या तगाद्यापोटी. तो टोलेडो गावी तयार होई. या गावाचे नाव आम्हा संघटनेच्या लोकांना दुसऱ्याच कारणाने ठाऊक आहे. १९३५ साली तिथल्या शेव्हरोलेच्या गिअरबॉक्स कारखान्याने संप केला आणि दुसऱ्या गावांतले मोटारींचे कारखाने थंडावले. संप मिटल्यावर कंपनीने तिथली बरीच यंत्रे उचलून इतर गावी नेली. असो, तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय.

या गिअरबॉक्सात तिसऱ्या गिअरला इंजिनाचा एक फेरा म्हणजे मागच्या शाफ्टचा एक फेरा. चौथ्याला, म्हणजे ओव्हरड्राइव्हला, इंजिन सत्तर फेरे फिरते तेव्हा शाफ्ट शंभर फिरतो. हमरस्त्यावर याने इंजिन शांत चालते आणि पेट्रोल वाचते. कारखान्यातून आलेल्या गाडीत हा चौथा गिअर शहरातही आपोआप पडतो आणि त्याने काही बिघडत नाही. मग ‘ओव्हरड्राइव्ह शहरात वापरू नये’ असे जुने मिस्त्री का सांगतात? काही जण नुसते ऐकून सांगतात. पण नव्याने बांधलेल्या, जोरकस केलेल्या गिअरबॉक्साच्या बाबतीत त्यांचे म्हणणे बरोबर आहे.

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. तेलाच्या प्रवाहाने जोर पुढे पोचवणारे ते भांडे. ठराविक फेऱ्यांखाली ते सैल असते. साध्या गाडीत ही मर्यादा मिनिटाला दीड ते दोन हजार फेऱ्यांच्या दरम्यान. शौकीन मालक तिथे २८०० चा कन्व्हर्टर बसवतात, म्हणजे सिग्नलवरून गाडी झेप घेते. आता हिशेब करा. मागचा एक्सल ३.७३ चा, टायर सव्वीस इंची. ताशी साठ किलोमीटरला तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचे सुमारे १८०० फेरे होतात. चौथ्यात तेच १२६० वर यावयाचे. पण २८०० चे भांडे इतक्या खाली घट्ट धरीत नाही. इंजिन हिशेबापेक्षा जास्त फिरते, तेल घुसळले जाते आणि तापते. म्हणजे वाचवावयाचे ते पेट्रोल भांड्यातच खर्ची पडते. सपाट रस्त्यावर, हलक्या पायाने, फारसे बिघडत नाही. चढ आला, मागून हॉर्न वाजला, पाय दाबला, की भट्टी पेटली.

कन्व्हर्टरमध्ये घसरण बंद करणारा एक लॉकअप क्लच असतो. जुन्या गाडीत हा गिअरबॉक्स बसवताना त्याची तार पुष्कळदा जोडलेलीच नसते. आणि जोडली व तो शहरी वेगालाच लागला, तर जोरकस केलेले इंजिन १२६० फेऱ्यांना धापा टाकते, कारण त्याचा जोर वरच्या फेऱ्यांत असतो. गाडी थरथरते. सोडला तर तेल तापते, धरला तर इंजिन गुदमरते. त्यातच गिअरबॉक्स तिसरा-चौथा, तिसरा-चौथा असा हेलकावत राहतो. तिसऱ्यात इंजिनाबरोबर फिरणारा ड्रम चौथ्यासाठी पट्ट्याने आवळून थांबवावा लागतो. हे गर्दीत दर दोन मिनिटांनी झाले तर पट्टा किती दिवस टिकेल?

सगळ्यांत वाईट म्हणजे एक साधी केबल. ती कार्ब्युरेटरपासून गिअरबॉक्सापर्यंत जाते आणि पाय जितका दाबाल तितका आतल्या तेलाचा दाब वाढवते. मालक हौसेने दुसरा कार्ब्युरेटर लावतो, केबल कशीबशी अडकवतो. दाब कमी पडतो, क्लचच्या प्लेट घसरतात, आणि उत्तम बांधलेला गिअरबॉक्स थोड्याच दिवसांत जळतो. तेव्हा असा गिअरबॉक्स असलेल्याने आधी केबल तपासून घ्यावी, तेल थंड करणारा वेगळा कूलर बसवावा, शहरात दांडा तिसऱ्यावर ठेवावा, आणि ताशी सत्तरच्या पुढे मोकळा रस्ता लागला की चौथ्यावर न्यावा. दांडा चालत्या गाडीत हलवता येतो.

आता भांडणाकडे येतो. मी कारागिरांना सांगतो, परत आलेला गिअरबॉक्स मालकासमोर खोला आणि एकही प्लेट फेकू नका. सगळेच क्लच काळे पडले असतील तर दाब कमी होता; केबल कोणी लावली ते विचारा. तेलाला जळका वास आणि कन्व्हर्टर निळा पडलेला असेल तर गाडी तापवली गेली आहे. कूलर होता का, लॉकअपची तार जोडली होती का, ते पाहा. आणि एकाच क्लचचे सील बसवताना कापलेले निघाले, तर चूक बांधणाऱ्याची. मी कामगारांची बाजू मांडतो म्हणून ते सील खिशात घालणार नाही. मात्र गाडी देताना बिलावर ‘शहरात तिसरा गिअर’ हे तीन शब्द कोणी लिहिले होते का, हे मी गॅरेजवाल्याला विचारतो. बहुतेक वेळा लिहिलेले नसतात. अशा वेळी पगारातून एक पैही कापू देत नाही.